उघड्या टपाची गाडी विकताना

गाडी छान राखली आहेस, तेव्हा घाई करू नकोस. बीएमडब्ल्यूच्या झेड-४ सारख्या दोन सीटच्या उघड्या गाडीला गिऱ्हाईक मोजकंच असतं. दोन फोन आले नाहीत की भाव पाडायचा, ही नवख्यांची नेहमीची चूक.

टपाकडे आधी बघ. कापडी असेल तर शिवणी, काचेभोवतीचं रबर, पाणी वाहून जायच्या नळ्या साफ कर. सीटमागचा गालिचा हाताने दाबून बघ. ओल लागली तर आधी दुरुस्ती, मग जाहिरात. टप उघडता-मिटतानाचा सलग व्हिडिओ काढ.

- गिऱ्हाइकाला नाशिकच्या गंगापूर रोडला चक्कर जरूर दे, पण लायसन्स बघून, शेजारी बसून.
- पैसे खात्यात दिसल्याशिवाय चावी नाही.

फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलायचे अर्ज) भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. तोवर चलन तुझ्याच नावावर येतं.