फोटोवरून हुबेहूब, पण समोरचा तांब्या वाकडा

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगा अकरावीत, मोबाईलमधल्या फोटोवर ग्रिड (चौकोनांची जाळी) मारून पोर्ट्रेट अगदी हुबेहूब काढतो, नातेवाईक कौतुक करतात, पण क्लासमधे सरांनी तांब्या आणि दोन कांदे समोर ठेवले तर रडवेला होऊन घरी आला, आणि आता तुम्ही विचारताय की याला खरंच चित्रकला येते का, बीएफएला (चित्रकलेच्या पदवीला) टाकावं का. येते हो! फक्त त्याने आत्तापर्यंत अर्धंच काम केलंय.

कसंय, फोटोत सगळं आधीच सपाट झालेलं असतं, निम्मं काम कॅमेऱ्याने केलेलं आणि उरलेलं ग्रिडच्या चौकोनांनी. खरी वस्तू समोर आली की मान जरा हलली तरी सगळं हलतं, आणि त्यात डोकं मधे मधे करतं. तांब्याचं तोंड गोल असतं हे माहितीय ना, मग हात ते गोलच काढायला जातो, आणि तांब्या टेबलावर टेकलाय हेही माहितीय म्हणून बुडाला सरळ रेघ. मी शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा निम्म्या वर्गाचा तांब्या असाच असायचा. खरं म्हणजे आपण वरून बघतो तेव्हा तोंड लंबगोल दिसतं आणि बूडही वाकलेलंच दिसतं, उलट नजरेपासून जास्त खाली असल्यामुळे बुडाचा बाक तोंडापेक्षा जास्त असतो. हे एकदा डोळ्याला दिसलं की दिसलं.

त्याला म्हणावं बोर्ड मांडीवर आडवा ठेवू नकोस, उभा धर, म्हणजे वस्तू आणि कागद एका नजरेत येतात. हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत तांब्याची रुंदी धरायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघायचं. कोपर वाकलं की माप गेलं, इथेच सगळे चुकतात. दोऱ्याला चावी बांधून ओळंबा करायचा, तांब्याच्या काठाच्या बरोब्बर खाली काय येतं ते कळतं. आणि तांब्या न काढता तांब्या आणि कांद्याच्या मधली रिकामी जागा काढून बघ म्हणावं, त्या जागेला नाव नसतं त्यामुळे डोकं गप्प बसतं. शेडिंगची घाई नको, वाकड्या तांब्यावर कितीही छान शेडिंग केलं तरी तो वाकडाच. झालं की चित्र आरशात बघायचं, चूक लगेच डोळ्यात भरते.

रोज अर्धा तास पुरे. वस्तू घरातल्याच, कुकर, चप्पल, दप्तर, झोपलेली आजी (आजीला विचारून!).

आता करिअरचं. बीएफएच्या सीईटीत ऑब्जेक्ट ड्रॉइंग (समोरची वस्तू बघून काढायची) आणि मेमरी ड्रॉइंग (आठवणीतून काढायचं) दोन्ही असतात, तिथे मोबाईल नाही की ग्रिड नाही. मेमरीत बाजार, बसस्टॉप असले विषय आले की ज्याने खरी माणसं बघून काढलीत त्याच्याच डोक्यात काहीतरी साठलेलं असतं. मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे, तिथली मुलं अजूनही वही घेऊन सीएसएमटी स्टेशनवर नाहीतर क्रॉफर्ड मार्केटात बसलेली दिसतात ती उगीच नाही. उद्या बीएफए सोडून आर्किटेक्चर किंवा प्रॉडक्ट डिझाइनकडे वळला तरी ही सवय वाया जात नाही.

पुण्याच्या महागड्या क्रॅश कोर्सचं विचारलंत, माझं मत आत्ता नको. आधी तीन महिने हे घरी होऊ दे, तोवर हात आणि डोळा जुळले नसतील तर क्लासवालाही काय करणार, पेपर पॅटर्न तेवढा पाठ करून घेईल. पोर्ट्रेट मात्र बंद करायला लावू नका, त्याची आवड तिथूनच सुरू झालीय, फक्त आठवड्यातून एक समोर बसलेल्या माणसाचं काढू दे, वडलांना बसवा पेपर वाचत, ते हलणार नाहीत.

पहिल्या महिन्याची पानं वाईट निघतील, त्याला ती फाडू देऊ नका, प्रत्येक पानावर तारीख टाकायला सांगा. पहिलं आणि तिसावं पान मला पाठवा, त्यांचे फोटो काढलेले चालतील :)