वाचक विचारतात : आधी पॅनेल की आधी गच्ची?

प्रश्न : नंदनवनमध्ये आमचं जुनं एकमजली घर आहे. उन्हाळ्यात वरच्या खोलीत दुपारी पाय ठेववत नाही, दोन कूलर अखंड चालतात. वर्षाचे साधारण २,६०० युनिट होतात, त्यातले निम्मे एप्रिल ते जूनमधले. सोलरवाला म्हणतो, ३ किलोवॅट लावा, ७८ हजार अनुदान मिळेल, महापालिका करातही सूट देईल आणि बिल शून्य होईल. वीजबिल अजून माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे. काय करू?
– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, सगळ्यात आधी वीजबिलावरचं नाव बदलून घ्या. घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला केंद्र सरकार ज्यातून अनुदान देतं, त्या पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज बिलावरच्या ग्राहकाच्या नावाने होतो, आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात जमा होतं. सासऱ्यांच्या नावावर अर्ज भरून वेळ मारून नेऊ असं कोणी सुचवलं, तर ऐकू नका. मृत्यूचा दाखला, मालकीचा कागद, दीर-नणंदांची ना-हरकत हे गोळा करून महावितरणकडे अर्ज द्या. घरटॅक्सच्या पावतीवरही सासऱ्यांचंच नाव असेल, तर महापालिकेच्या झोन कार्यालयातलं कामही याच कागदांवर उरकून घ्या. करातल्या सवलतीसाठीही तिथेच जायचं आहे.

आता ७८ हजारांबद्दल. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार मिळतात, तिसऱ्याला फक्त १८ हजार. एका किलोवॅटपासून आपल्याकडे वर्षाला सुमारे १,४०० युनिट निघतात. म्हणजे तुमची गरज दोन किलोवॅटमध्येच भागते, आणि त्यावर ६० हजार मिळतील. अनुदान जास्त म्हणून पॅनेल जास्त, हा हिशेब मला पटत नाही.

‘बिल शून्य’ हे मात्र तुमच्या घरी होणार नाही, आणि ते का, हे नीट समजून घ्या. नेट मीटर म्हणजे पॅनेलवाल्या घराने महावितरणला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली वीज मोजणारं मीटर. त्यात शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चपर्यंतच. त्या दिवशी उरलेले युनिट महावितरण कमी दराने विकत घेते आणि खातं कोरं होतं. दिवाळीपासून साठवलेली वीज अशी नेमकी कूलर काढायच्या तोंडावर हातची जाते! एप्रिल-मेमध्ये तुमचा वापर महिन्याला चारशेच्या वर, दोन किलोवॅटची निर्मिती अडीचशेच्या आसपास. फरकाचे युनिट विकत घ्यावे लागतील. शिवाय स्थिर आकार बारा महिने भरावाच लागतो.

म्हणून खरी लढाई त्या तीन महिन्यांची आहे, आणि ती स्लॅबवर लढायची. नागपुरात २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तसल्या उन्हात तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझेकचे, म्हणजे फुटक्या चिनी मातीच्या टाइल्सचे, तुकडे बसवा. तेवढा खर्च नको असेल तर पांढरा उष्णतारोधक रंग द्या. चुना स्वस्त पडतो, पण पावसात धुपतो, दर फाल्गुनात पुन्हा मारावा लागतो. सूर्यघर योजनेतून यासाठी एक पैसाही मिळत नाही, तरी मी हेच काम आधी करायला सांगेन, कारण पॅनेल बसल्यावर त्याखाली मोझेक बसवणं त्रासाचं होतं. जुने पंखेही बदला : साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसेक वॅट.

दोन किलोवॅटला सुमारे २०० चौरस फूट जागा लागते. पॅनेलचं तोंड दक्षिणेला असावं आणि पाण्याच्या टाकीची सावली त्यावर पडू नये. सांगाडा माणूस खालून जाईल इतका उंच घेतला, तर पॅनेलखालचा स्लॅबही सावलीत राहतो. मात्र तो वळवाच्या वादळात टिकेल असा पक्का करून घ्या. पॅनेल सकाळीच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

महापालिकेची सवलत घ्या जरूर, पण तिच्या भरवशावर आकडेमोड करू नका. ती सामान्य करापुरती असते. त्याच बिलातला शिक्षण कर राज्य सरकारचा, तो तसाच राहतो. नेट मीटर सुरू झाल्याचा महावितरणचा कागद जपून ठेवा, अर्जाला तो लागेल.

सोलरवाल्याकडून कोटेशन घेताना पूर्ण किंमत लिहून मागा. अनुदान नंतर थेट तुमच्या खात्यात येतं, त्यामुळे ते वजा करून दाखवलेला आकडा स्वीकारू नका.