बी.कॉम.च्या मुलीने त्सुनामीच्या बेटावर काय करायचं?

पत्र : "सर, मी हर्णैजवळच्या गावात राहते आणि दापोलीला टी.वाय.बी.कॉम.ला आहे. एनएसएसच्या शिबिरात २००४ च्या त्सुनामीनंतर निकोबार बेटांवर मदत कशी पोचवली यावर एक व्याख्यान झालं. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मला हे काम करायचंय. बाबांची छोटी होडी आहे. ते म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे, लोकांना डाळ-तांदूळ वाटायचा पगार कोण देतं? आई म्हणते, मुलीच्या जातीने कुठे परक्या बेटावर जायचं? माझं कॉमर्स त्यात फुकट जाईल का, तेही सांगा."

उत्तर :

आधी बाबांचा प्रश्न घेतो, कारण तो रास्त आहे. डाळ-तांदूळ वाटायचा पगार कुणी देत नाही. वाटायला माणसं हवी तेवढी मिळतात. निसर्ग वादळानंतर तुमच्याच तालुक्यात टेम्पो भरभरून आली होती, ती तूही पाहिली असशील. मिळत नाही तो माणूस वेगळाच असतो. कुठल्या वाडीत काय पोचलं, काय नाही, उद्या कशातून पोचवायचं आणि त्याचा हिशोब कुठे लिहायचा, हे ज्याला कळतं तो. पगार त्याला मिळतो. या कामाला समन्वय म्हणतात. शब्द सरकारी वाटतो, पण काम बरंचसं तुमच्याकडच्या मासळीच्या लिलावातल्या हिशोबासारखंच आहे.

व्याख्यानात सांगितलं असेलच, तरी थोडं सांगतो. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सगळे देश मिळून सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली. निकोबार बेटं भूकंपाच्या इतकी जवळ होती की लाट यायला तासही लागला नाही. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला, जेट्टी मोडल्या आणि इंदिरा पॉइंटला, बेटांच्या अगदी दक्षिण टोकाला, तर जमीनच चार मीटरहून जास्त खचली. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) बोटीने जवळपास तीन दिवस लागतात. तिथून कार निकोबार पावणेतीनशे किलोमीटर आणि कॅम्पबेल बे पाचशेच्या पुढे. एवढं करून मोठं जहाज बेटापाशी पोचलं, तरी जेट्टी नाही म्हटल्यावर ते लागणार कुठे?

आता हर्णै बंदर डोळ्यांसमोर आण. लाँच लांब उभ्या असतात, मासळी छोट्या होडीत उतरते, तिथून बैलगाडीत आणि मग लिलावाला. माल एका वाहनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी टोपल्या मोजतं आणि प्रत्येक ठिकाणी थोडी गळती होते. मदतकार्यातले लोक याला 'लास्ट माइल' म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा घेतात. तू ते लहानपणापासून फुकटात बघतेयस.

एक गणित करू. बेटावर ८०० माणसं आहेत असं धर. मदतकार्यात जगभर 'स्फिअर' नावाची मानकं वापरतात. त्यांत पिण्या-वापरण्याचं पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरतात. म्हणजे १२,००० लिटर, १२ टन. तुझ्याकडची होडी २ टन नेते म्हटलं तर रोज सहा खेपा. पण खाडीच्या तोंडाशी गाळ आहे, होडी भरतीलाच आत शिरते. दिवसाला भरत्या दोन, त्यातली एक बहुतेक अंधारात. त्यात भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस असले तर पाणी पुरेसं चढतच नाही. सहा खेपा कागदावरच राहतात. मग पाण्याचे कॅन न्यायचे, की विहीर उपसायचा पंप, क्लोरीन आणि पंप चालवणारा माणूस न्यायचा? आणि लाट विहिरीत शिरून गोडं पाणीच खारट झालं असेल तर? मालदीवमध्ये तेव्हा तसंच झालं होतं, तिथे खारं पाणी गोडं करणारी यंत्रं न्यावी लागली. हा निर्णय पहिल्या दोन दिवसांत घ्यावा लागतो आणि तो घेणाऱ्याला पाण्याच्या लिटरइतकीच भरतीची वेळही कळावी लागते. पुण्याहून शिकून आलेल्या किती जणांना उधाण आणि भांग यांतला फरक सांगता येईल? तुझ्या बाबांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाचं उदाहरण तर शिकवायलाच ठेवण्यासारखं आहे. १५ जानेवारी २०२२ ला तिथे समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला आणि त्सुनामी आली. मदतीची विमानं तयार होती, पण धावपट्टीवर राख साचलेली. लोकांनी फावडी आणि हातगाड्या घेऊन ती काढली, तेव्हा कुठे पाचव्या दिवशी पहिली विमानं उतरली. समुद्राखालची केबल तुटल्यामुळे देशाचा जगाशी संपर्कही तुटलेला, ती केबल जोडायला पाच आठवडे गेले. वर कोरोनाची भीती, म्हणून माल उतरवतानाही माणसांनी एकमेकांना भेटायचं नाही. त्या दिवसांत कुणी सगळ्यात मोठी मदत केली असेल, तर ती फावड्यावाल्यांनी.

आता माझी एक चूक सांगतो, पुस्तकात नाही म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, त्याच्या चौथ्या दिवशी मी तुमच्या तालुक्यातल्या एका शाळेत वही घेऊन बसलो होतो. शाळेचे अर्धे पत्रे उडालेले, वीज नाही, एका जनरेटरवर गावभरचे मोबाइल चार्जिंगला लावलेले. मी रेशनकार्डावरून यादी केली, कारण ते सोपं. कार्डावर चार माणसं, तर चार माणसांचं किट. दुपारी एक बाई आल्या. म्हणाल्या, "सर, कार्डावर चार आहोत, पण घरात अकरा आहोत." लॉकडाऊनमुळे मुंबईचे दोन दीर बायकापोरांसह गावी आलेले. माझ्या वहीत ते नव्हतेच. दुसरीकडे एकाच घराची दोन किटं गेली होती, एक सासूच्या नावावर आणि एक सुनेच्या, कारण चूल एकच पण कार्डं दोन. रस्त्यालगतच्या वाडीला तिसऱ्यांदा बिस्किटं मिळाली आणि खाडीपलीकडे काहीच नाही, तेही माझ्याच वहीच्या कृपेने. आणि खरं तर लोकांना बिस्किटं नकोच होती. त्यांना ताडपत्री, पत्रे, पत्र्याचे हुक आणि पडलेली झाडं कापायला कटर हवे होते. पाऊस डोक्यावर होता.

त्या दिवसापासून मी चुली मोजायला सांगतो. कार्ड नाही, उंबरठा नाही, चूल. एका चुलीवर आज किती ताटं वाढली गेली?

निकोबारमध्ये हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. निकोबारी लोक 'तुहेत' नावाच्या मोठ्या एकत्र कुटुंबात राहतात. नारळाच्या बागा, डुकरं, सगळं तुहेतचं. मदतीचे कागद मात्र नवरा-बायको-मुलं एवढंच कुटुंब ओळखणारे. पैसे तसे वाटले, घरं तशी बांधली, आधी तर पत्र्याची, त्या उकाड्यात. घर मिळालं, पण एकत्र राहायची रीत विस्कटली आणि बागा तर समुद्राने नेल्याच होत्या. नारळ लावल्यावर फळ धरायला किती वर्षं जातात हे कोकणात कुणाला सांगायला नको. इथेही निसर्गनंतर आधी हेक्टरी भरपाईची भाषा झाली. आपली वाडी काही गुंठ्यांची, सातबाऱ्यावर काका-आत्यांसकट पंधरा नावं, निम्मी मुंबईत. झाडामागे भरपाई द्या म्हणून ओरड झाली, तेव्हा नारळ-सुपारीसाठी ते मान्य झालं. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना कोणता ठेवायचा, यावर माणसाची पुढची दहा वर्षं ठरतात. तो रकाना ठरवताना तिथे कोण बसलेलं असतं? तू तिथे असावीस, असं मला वाटतं.

म्हणून कॉमर्स फुकट जाणार नाही, उलट हातात तेच आहे. गोदामाची आवक-जावक, पावत्या, खरेदीची कोटेशनं, देणगीदाराला द्यायचा हिशोब, ऑडिट. २००४ नंतर श्रीलंकेत मदतीचे कंटेनर कोलंबोच्या बंदरात कस्टमच्या कागदांपायी अडकून पडले होते. उत्साही तरुणांची तिथे कमतरता नव्हती, आयात मालाचा कस्टमचा अर्ज (बिल ऑफ एंट्री) भरता येणारा माणूस हवा होता. माझं ऐकशील तर पदवीनंतर लगेच 'समाजसेवेत' उडी घेऊ नकोस. दोन वर्षं उरणला जेएनपीए बंदराच्या आसपास कस्टममधून माल सोडवणाऱ्या एखाद्या क्लिअरिंग एजंटकडे, नाहीतर जयगड बंदरात किंवा एखाद्या मोठ्या गोदामात नोकरी कर. एक्सेल पक्कं कर. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शीक. इंग्रजीत एका पानाचा अहवाल दिवसभरात लिहिता आला पाहिजे. तो लिहायचा सराव आजपासून कर, कारण आपल्याकडची मुलं अडतात ती नेमकी तिथे.

मग मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं एम.ए. आहे, कुठलीही पदवी चालते. त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारमध्ये या संस्थेने स्वतः काम केलंय. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्या वर्षीची जाहिरात नीट वाच. घर सोडणं जमलं नाही, तर इग्नूचा पदव्युत्तर डिप्लोमा घरून होतो. आणि आत्ता लगेच करायचं तर 'आपदा मित्र' या आपत्तीतल्या स्वयंसेवकांच्या सरकारी प्रशिक्षणाची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात कर.

बाबांना एक गोष्ट लपवू नकोस. या क्षेत्रात नोकरी बरेचदा कंत्राटी असते. प्रकल्प संपला की पुढचा शोधायचा. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदतीची यंत्रणा, यूएसएड, बंद केली आणि जगभर या कामातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून तर आधी गोदाम आणि कस्टम म्हणतोय. दोन प्रकल्पांमधल्या मोकळ्या वर्षात ते पोट भरतं. बँकेची परीक्षाही दे हवं तर, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त ती बाबांच्या भीतीने देऊ नकोस.

राहिली आई. त्यांना सांग की त्सुनामीत इंडोनेशियातल्या आचेच्या कित्येक गावांमध्ये पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या. पुरुष खोल समुद्रात मासेमारीला होते, तिथे लाट होडीखालून गेलेली कळतसुद्धा नाही. बायका-पोरं किनाऱ्यावर होती. कोळीवाड्यातल्या बाईला याहून जास्त सांगावं लागणार नाही. आणि जगल्या-वाचलेल्या बायका पॅड हवेत, संडासाला आतून कडी हवी, रात्री तिथवर दिवा हवा, हे परक्या पुरुषाला सांगत नाहीत. पथकात मुलगी लागतेच. तरी त्यांची काळजी खोटी नाही. पहिली दोन-तीन कामं अशा संस्थेत घे, जिथे राहायची सोय, विमा आणि तक्रार कुणाकडे करायची ते नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं. विचारायला लाजू नकोस. विचारलेलं आवडत नसेल, तर ती संस्था सोड.

बेट लांब आहे, तोवर घरचा अभ्यास देतो. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या (आजच्या पाकिस्तानातल्या) किनाऱ्याजवळ भूकंप होऊन त्याची लाट थेट मुंबईपर्यंत आली होती, तेव्हा त्सुनामी आपल्या समुद्राला अगदीच परकी नाही. तुमच्या गावची खाडीपलीकडची एक वाडी घे. चुली मोज. किती ताटं, किती म्हातारी, कोण अंथरुणाला खिळलेलं, गोड्या पाण्याच्या विहिरी किती, होड्या कुणाकडे आणि त्या कुठल्या पाण्याला आत येतात. एका वहीत, तारीख घालून. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकर आले की पुन्हा मोज आणि दोन आकडे शेजारी ठेव. मग ती वही मला पाठव.

आणि हो, बाबांच्या होडीत नेमका किती माल मावतो ते तू लिहिलंच नाहीस. मी २ टन अंदाजाने धरलेत. त्यांना विचारून कळव, म्हणजे वरचं गणित दुरुस्त करू.