सिंहगडाचा गेम करायचाय ना? आधी एकच कडा कर

पुणे

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा वाचला. १६७० ची सिंहगडाची लढाई, अख्खा गड थ्रीडीत, शेकडो मावळे, वर ऑनलाइन खेळायची सोय. कल्पना फार आवडली. पण कॉलेज सांभाळून एकट्याला हे झेपणार नाही, हे आत्ताच स्पष्ट सांगतो. यातला फक्त डोणागिरीचा कडा घे. एक मावळा, एक दोर, रात्रीची वेळ, खालून वर. टूडीच ठेव.

गेम बनवायचं टूल कुठलं, तर गोडो. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि टूडी कामाला तुझा जुना लॅपटॉपही पुरेल. युनिटी हे दुसरं टूल ताकदीचं आहे, नाही असं नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी ठरावीक मर्यादेपुढे गेमच्या दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं होतं. जगभरचे गेमवाले खवळले आणि वर्षभराने तो निर्णय मागे घेतला गेला. आपली मेहनत अशी कुणाच्या मर्जीवर राहू नये, असं मला मनापासून वाटतं. गोडोची चौथी आवृत्तीच घे, कारण तिसरीत देवनागरी नीट उमटत नसे. जोडाक्षरं फुटायची, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाऊन बसायची. सोबत मुक्तासारखा मोफत फॉन्ट गेममध्येच टाक, नाहीतर गेम ब्राउझरवर चालवलास की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतील.

आता मावळ्याच्या उडीकडे ये. सगळा वेळ तिला दे. गुरुत्वाकर्षण, टक्कर, आवाज हे टूल तयार देतं, पण उडी हाताला कशी लागते ते तूच ठरवायचं. खडकाची कड सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद उडी मान्य कर. गोडोत हालचालीचा हिशेब मुळात सेकंदाला ६० वेळा होतो, म्हणजे सहा फेऱ्यांची मुभा. पाय टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं गेलं, तर ते लक्षात ठेव आणि टेकताक्षणी उडी मार. खाली येताना गुरुत्वाकर्षण थोडं वाढव. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. ‘मी दाबलं होतं, तरी पडलो’ ही चिडचिड मात्र थांबते. हे आकडे पुस्तकात शोधू नकोस, बदलत राहा आणि खेळून बघ.

मग सोसायटीतल्या एखाद्या पोराच्या हातात लॅपटॉप दे आणि शेजारी गप्प बस. एकही सूचना देऊ नकोस. तो कुठलं बटण आधी दाबतो, कुठे अडतो, कुठे कंटाळून उठतो, एवढं वहीत लिही. तोंडावर सगळेच ‘भारी आहे’ म्हणतात, म्हणून मत विचारत बसू नकोस.

पुढच्या रविवारी घरी ये. चित्रं काढत बसू नकोस, मावळ्याच्या जागी साधा चौकोन चालेल. पण तो उडी मारणारा हवा.

तुझा,
काका