वस्तीत माप घेताना

प्रश्न : मी पुण्यात नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी आंबील ओढ्याकाठची एक वस्ती घेतली आहे. पुढेही अशाच वस्त्यांसाठी काम करायचंय. पण दोन फेऱ्या झाल्या, लोक धड बोलत नाहीत. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, सहकारनगर

उत्तर : प्रश्नावलीत ‘कधीपासून राहता?’ पहिल्याच पानावर असेल, तर घोडं तिथंच अडतंय. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत मोफत घरासाठी 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा लागतो. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना पैसे भरावे लागतात. त्यामुळे सालाचा प्रश्न आला की माणूस सावध होतो, आणि भाडेकरू ‘पाहुणे’ होतात. तो प्रश्न काढाच. आधारची झेरॉक्स, फोटोपासचा (झोपडीधारकाच्या सरकारी ओळखपत्राचा) फोटो मागू नका. दारं मोजू नका, चुली मोजा. उपग्रहचित्रात नुसता पत्रा दिसतो. लोखंडी शिडीवरचं दुसरं बिऱ्हाड दिसत नाही.

गल्लीची सरासरी रुंदी निरुपयोगी. ओटा आणि पाण्याचा पिंप यांच्यामध्ये टेप धरा. स्ट्रेचर अडतं ते तिथंच.

शौचालयाचं गणित कागदावर सोपं आहे : स्वच्छ भारतच्या निकषानुसार सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे एक सीट, 25 बायकांमागे एक. पण कडी तुटलेली, नळ कोरडा, रात्री कुलूप, अशा सीटा वजा करा. त्यासाठी पहाटे साडेपाचला जाऊन उभं राहावं लागतं. सकाळी अकराला सगळं ठीकच दिसतं.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीच्या पुराचं पाणी कुठवर आलं, हे भिंतीवरची खूण किंवा घरातली बाई बरोबर दाखवते. मात्र उंची उंबऱ्यापासून मोजलीत तर फसाल, कारण पुरानंतर कुणी जोतं वर घेतलेलं असतं, कुणी नाही. पुलाच्या कठड्यासारखा एकच पक्का बिंदू धरा आणि गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन सगळ्या खुणांची उंची त्याच बिंदूपासून मोजा. दोघं लागतात, नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं.

कच्चा नकाशा मोठ्या कागदावर छापून मंडळाच्या खोलीत लावा, शेजारी पेन टांगा. चुका वस्तीच दुरुस्त करेल. छापील प्रबंधात मात्र घरनिहाय भाडेकरू दाखवू नका, गल्लीची बेरीज पुरे.