लोकलेखा समिती एखाद्या मंत्रालयाचा खर्च थांबवू शकते का?

नाही, संसदेची लोकलेखा समिती खर्च थांबवू शकत नाही. ती झालेल्या खर्चाचा जाब विचारते. लोकसभेच्या कामकाज नियमावलीतील नियम 308 नुसार तिने तीन गोष्टी तपासायच्या असतात: खर्ची टाकलेली रक्कम त्या कामासाठी कायद्याने उपलब्ध होती का, खर्च संबंधित अधिकाराला धरून झाला का आणि अर्थसंकल्पातल्या एका शीर्षाखालचे पैसे दुसरीकडे वळवताना नियम पाळले का.

समितीत 22 खासदार असतात, लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. काम सुरू होते ते कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, अहवालातल्या परिच्छेदांवरून. निवडलेल्या परिच्छेदावर खात्याला लेखी प्रश्न जातात, मग सचिवाची साक्ष होते आणि कॅग तिथे समितीला मदत करतो. मंत्र्याला साक्षीला बोलावत नाहीत. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल, तर समिती कारणे तपासून शिफारस करते आणि संसद अनुच्छेद 115 खाली तो नियमित करते. ही तपासणी मात्र काही खाती कागदी उपचार समजतात, हे फार वाईट आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा: शिफारशी बंधनकारक नसतात. सरकारने काय केले ते सहा महिन्यांत कळवायचे असते. उत्तर पटले नाही तर समिती कार्यवाही अहवालात तसे स्पष्ट नोंदवते. त्यामुळे समितीच्या शिफारशींच्या मूळ अहवालाबरोबर हा दुसरा अहवालही वाचा. राज्याच्या खर्चासाठी महाराष्ट्र विधिमंडळाची स्वतंत्र लोकलेखा समिती आहे.