वाचकांचे प्रश्न : डोंगरधारेवरची दगडी वाट

प्रश्न : मी 61 वर्षांचा निवृत्त शिक्षक असून साताऱ्यात राहतो. आठवड्यातून तीनदा अजिंक्यतारा चढतो. सज्जनगड आणि वासोटा अनेकदा झाले आहेत. येत्या सप्टेंबरात अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मुलीकडे जाणार आहे. तेथील अ‍ॅपलाचियन ट्रेलवर पोर्ट क्लिंटन ते डेलावेअर वॉटर गॅप हे सुमारे 125 किलोमीटर अंतर पाठीवर सामान घेऊन एकट्याने चार दिवसांत चालावे, असा बेत आहे. नकाशावर डोंगरमाथ्याची उंची जेमतेम 450 ते 500 मीटर दिसते. बेत योग्य आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण नकाशात उंची पाहिलीत, ती बरोबर आहे. तो माथा समुद्रसपाटीपासून मोजला तर आपल्या सातारा शहरापेक्षाही खाली भरतो. मात्र तेथील चालणाऱ्याला चढ थकवत नाही, पायाखालचा दगड थकवतो. म्हणून चार दिवसांचा बेत आपण सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी सुमारे 3,500 किलोमीटरची ही वाट 1937 मध्ये पूर्ण झाली. ती सलग चालणारे लोक पेनसिल्व्हेनियाला थट्टेने ‘रॉक्सिल्व्हेनिया’ म्हणतात. आपण निवडलेला ब्लू माउंटनचा टप्पा त्या थट्टेचे मुख्य कारण आहे. या धारेचा माथा अतिशय कठीण, गारगोटीयुक्त खडकाचा आहे. हिमयुगात फटींत शिरलेले पाणी गोठून आणि वितळून त्याचे तुकडे पडले, आणि ते अणकुचीदार कडा वर करून आजही तेथेच पडून आहेत. आपल्याकडच्या सड्यावर पाऊल सपाट पडते. तेथे प्रत्येक पाऊल कोठे टाकायचे हे ठरवावे लागते. त्यामुळे सपाटीवर ताशी चार-साडेचार किलोमीटर चालणारा माणूस तेथे दोन-अडीचवर येतो, आणि संध्याकाळी दम लागलेला नसतानाही घोटे आणि तळवे बोलू लागतात. दिवसाला 31 किलोमीटर म्हणजे त्या वेगाने बारा ते पंधरा तास; सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे उजेडच सुमारे बारा तास असतो.

यापेक्षा अवघड प्रश्न पाण्याचा आहे. धार अरुंद असल्याने माथ्यावर पाणी टिकत नाही, झरे खालच्या उतारावर असतात आणि उन्हाळ्याअखेर त्यांतले कित्येक आटतात. लीहाय गॅपजवळचा निवारा आणि त्यापुढचा निवारा यांत सुमारे 27 किलोमीटरचे अंतर आहे. तंबू, शिधा आणि चार लिटर पाणी पाठीवर घेऊन या दगडांवर तोल सांभाळणे आम्हाला तरी विशीतल्या मुलांचेच काम वाटते.

म्हणून आम्ही असे सुचवतो की, आपण फक्त लीहाय गॅप ते डेलावेअर वॉटर गॅप हे सुमारे 58 किलोमीटर अंतर घ्यावे आणि ते खिंडी-खिंडींनी चालावे. ‘गॅप’ म्हणजे आपली खिंडच. लीहाय गॅपनंतर लिटल गॅप, स्मिथ गॅप, विंड गॅप, फॉक्स गॅप आणि शेवटी डेलावेअर वॉटर गॅप अशा क्रमाने त्या येतात आणि प्रत्येक ठिकाणी मोटाररस्ता वाट ओलांडतो. मुलीने सकाळी एका खिंडीत सोडावे आणि दुपारी पुढच्या खिंडीतून घ्यावे. पाच दिवसांत, रोज सरासरी बारा किलोमीटरप्रमाणे, पाठीवर केवळ पाणी आणि डबा घेऊन हे अंतर होते, आणि पाऊस आला तर एक दिवस घरी बसता येते.

दिशाही हीच ठेवावी. लीहाय गॅपचा चढ साधारण अजिंक्यताऱ्याएवढाच, म्हणजे 300 मीटरच्या आसपास आहे. पण त्याच्या वरच्या भागात उघड्या खडकांवरून हातांचा आधार घेत जावे लागते. तो चढून जाणे सोपे, उतरणे धोक्याचे, आणि ओल्या खडकावर दोन्ही टाळावे. खाली पामर्टन येथे 1898 पासून 1980 पर्यंत जस्त गाळण्याचे कारखाने चालत असत. त्यांच्या धुराने डोंगराचा हा उतार बोडका झाला आणि 1983 मध्ये तो परिसर विषारी कचऱ्याने दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेला. आता तेथे गवत पुन्हा रुजवले आहे, तरी सावली जवळजवळ नाही. चढ सकाळीच उरकावा.

ऑक्टोबरपर्यंत थांबू नये. तेव्हा रंग सुंदर असतात, पण गळलेला पाला दगडांमधल्या फटी झाकतो आणि शिकारीचा हंगामही सुरू होतो. सप्टेंबरच्या मध्यावर याच धारेवरून दक्षिणेकडे निघालेल्या शिकारी पक्ष्यांचे थवे जातात. दुर्बीण असल्यास न्यावी.

वाट चुकण्याची भीती फारशी नाही. झाडांवर आणि खडकांवर साधारण 5 बाय 15 सेंटिमीटरचे पांढरे पट्टे आहेत. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आहे असे समजावे. निळे पट्टे पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यांचे असतात. फुरशाच्या भीतीने आपण जसा कपारीत न बघता हात घालत नाही, तीच सवय तेथील रॅटलस्नेकसाठी पुरते. सापाहून गोचीड अधिक त्रासदायक आहे, कारण तिच्या चाव्यातून लाइम रोग होतो. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घालावेत, रोज संध्याकाळी सर्व अंग तपासावे आणि नंतर ताप किंवा वाढत जाणारा लाल चट्टा दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

सरावाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्याने फुप्फुसे तयार होतील, घोटे होणार नाहीत. पावसाळ्यापूर्वी कोरड्या ओढ्याच्या पात्रातील गोट्यांवरून आठवड्यातून दोनदा तासभर, पाठीवर चार किलो वजन घेऊन चालावे. पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट तेथे चालणार नाहीत. जाड, ताठ तळव्याचे बूट येथेच घेऊन ते याच ओढ्यात रुळवावेत.